जॉक मॅकहेलचा गुरुवार

साल 1929, महिना जुलै, म्हणजे मेलबर्नमध्ये ऐन हिवाळा. तारीख मुद्दाम घालत नाही; त्या हंगामातला कुठलाही गुरुवार घ्या, थोडाफार असाच गेला असणार. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या कॉलिंगवूड क्लबने व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची मागची दोन विजेतेपदं खिशात घातली आहेत आणि यंदाच्या साखळीतले अठराच्या अठरा सामने तो जिंकणार आहे. या संघाला ‘द मशीन’ हे नाव पडलं ते कायमचं. मशीन चालवणारा कोच मात्र या घटकेला कामावर निघालाय, आणि त्या कामाचा फुटबॉलशी काडीचाही संबंध नाही.

सकाळ

बूव्हरी स्ट्रीटवरची कार्लटन ब्रुअरी. भिजलेल्या, भाजलेल्या जवाचा वास अख्ख्या गल्लीवर. पिंपं लादलेल्या गाड्या ओढायला क्लाइड्सडेल जातीचे धिप्पाड घोडे. जेम्स फ्रान्सिस मॅकहेल इथे मुकादम आहे. सगळं शहर त्याला ‘जॉक’ म्हणतं. वय पंचेचाळिशीच्या पुढे, बांधा अजून खेळाडूचा, बोलणं मोजकं.

गंमत अशी की कार्लटन हे कॉलिंगवूडच्या हाडवैऱ्याचंही नाव. 1910च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने कार्लटनला हरवलं, तेव्हा मैदानावर अक्षरशः हाणामारी झाली होती आणि मॅकहेल त्या संघात होता. आठवडाभर शत्रूच्या नावाच्या दारात राबायचं आणि शनिवारी त्याच नावाची हाडं मोडायला पोरं पाठवायची, यात त्याला काही विनोद दिसत असेल असं वाटत नाही. विनोदासाठी तो प्रसिद्ध नव्हता.

दुपारी बारा, जेवणाची सुट्टी

तेवढ्यात पूर्वायुष्य उरकून घेऊ. जन्म सिडनीचा, आईबाप आयरिश कॅथलिक, लहानपणीच कुटुंब मेलबर्नला आलं. 1903मध्ये कॉलिंगवूडकडून पहिला सामना. जागा मैदानाच्या मधोमध, म्हणजे सगळ्यात जास्त धावपळीची. 1906 ते 1917 या काळात त्याने लागोपाठ 191 सामने खेळले, एकही न चुकवता. ज्या खेळात खांदे निखळतात आणि बरगड्या मोडतात, तिथला हा आकडा आहे. 1912पासून तो खेळता खेळता कोचही झाला. 1917चं विजेतेपद त्याने मैदानात उतरूनच मिळवलं.

बस्स. सुट्टी संपली.

संध्याकाळी पाच

व्हिक्टोरिया राज्यात 1916पासून दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद होतात. त्यामुळे पाचचा भोंगा झाला की कामगारांची नुसती झुंबड. तासाभरात पोटात मावेल तेवढी बिअर ढोसायची आणि रस्त्यावर यायचं. ती बिअर बनवणाऱ्यांपैकी एक जण मात्र उलट्या दिशेला, व्हिक्टोरिया पार्ककडे, म्हणजे क्लबच्या मैदानाकडे निघालाय. मंगळवार आणि गुरुवार सरावाचे.

आजूबाजूची वस्ती बूट, टोप्या आणि कातड्याच्या कारखान्यांची. खेळाडूही कामावरूनच येतात. कपडे बदलून मैदानात उतरेपर्यंत सूर्य बुडालेला असतो, कारण या दिवसांत इथे सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. जो काही सराव करायचा तो उरल्यासुरल्या उजेडात. सांगायचं ते थोडक्यात सांगण्याची त्याची सवय अशा संध्याकाळींतून लागली असेल, असा माझा तर्क आहे.

सरावात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे स्टॅब पास. लांबट चेंडू हातातून खाली सोडायचा. तो जमिनीला टेकतो न टेकतो तोच पायाचा फटका बसला पाहिजे. क्षणभर आधी बसला तर चेंडू हवेत चढतो, उशीर झाला तर नुसता गवतावरून सरपटतो. बरोबर बसला तर छातीच्या उंचीने, सरळ रेषेत, सणसणत सहकाऱ्याच्या हातात. ही किक कॉलिंगवूडनेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवली. गोल करणारा गॉर्डन कोव्हेंट्री असला की पास देणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असायचं. या एका हंगामात त्याने 124 गोल केले. या लीगमध्ये शंभरी गाठणारा तो पहिलाच. कर्णधार त्याचाच भाऊ, सिड.

चेंडूही परका नव्हे. शेरिन कंपनीचा कारखाना कॉलिंगवूडच्याच वेलिंग्टन स्ट्रीटवर. मैदानावरचं नवं स्टँडही याच वर्षीचं. त्याला नाव आहे जॅक रायडरचं, म्हणजे त्याच मोसमात ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाचं नेतृत्व केलेल्या कॉलिंगवूडच्या फलंदाजाचं. हाच रायडर 1935-36मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या पैशावर आलेला ऑस्ट्रेलियन संघ घेऊन हिंदुस्थानात आला होता आणि मुंबईतही खेळला होता.

सात वाजता

पैशाचं बोलून टाकू. मॅकहेलचा ठाम नियम होता: संघात कोणालाही कोणापेक्षा जास्त नाही, आणि कोचलाही खेळाडूपेक्षा जास्त नाही. तारांकित खेळाडू आणि नवखा पोरगा एकाच रांगेत. 1930मध्ये लीगने कायदाच केला, सामन्याला जास्तीत जास्त तीन पौंड. कॉलिंगवूडने तो मनापासून पाळला; इतर काही क्लब आडवाटेने खेळाडूंना खूश ठेवत.

‘मशीन’चा खरा दट्ट्या हाच, असं मला वाटतं. सगळ्यांना सारखेच पैसे मिळत असले की मैदानात चेंडू स्वतःकडे ठेवण्यात फायदा राहत नाही. पण याची किंमतही मोजावी लागली. रॉन टॉडने 1938मध्ये 120 आणि 1939मध्ये 121 गोल केले आणि त्यालाही तेवढेच पैसे. विल्यम्सटाउन क्लबने चांगली रक्कम पुढे केल्यावर 1940मध्ये तो क्लबची परवानगी न घेता निघून गेला. मागोमाग डेस फॉदरगिलही गेला. तत्त्व शाबूत राहिलं; विजेतेपदं तर त्याआधीच थांबली होती. 1937, 38, 39 असे सलग तीन अंतिम सामने कॉलिंगवूड हरला आणि 1936नंतर मॅकहेलला एकही विजेतेपद मिळालं नाही, तरी 1949पर्यंत तो खुर्ची सोडायला तयार नव्हता. 1940चं दशक त्याने कोणा तरुणाला द्यायला हवं होतं.

आठ ते पुढे कितीही

गुरुवारची रात्र संघनिवडीची. अठरा नावं, एकही राखीव नाही. एकोणिसावा माणूस पुढच्या वर्षी, 1930मध्ये येईल. म्हणजे शनिवारी कोणाचा गुडघा गेला तर लंगडत खेळा, नाहीतर सतराने खेळा. खेळ सुरू असताना कोचचा निरोप मैदानात नेणारा रनरही 1955पर्यंत नव्हता. म्हणून कोचची खरी हुकमत याच टेबलावर. कोण कुठे उभा राहील हे इथे ठरलं की शनिवारी तो फेल्ट हॅट घालून बाकड्यावर बसणार आणि फक्त क्वार्टरच्या मधल्या वेळात बोलणार.

1930च्या अंतिम सामन्याला तर त्याला तेही जमलं नाही. तो आजारी होऊन घरीच पडून होता. मध्यंतराला जीलाँगचा संघ पुढे. ड्रेसिंगरूममध्ये बोलायला उभा राहिला क्लबचा खजिनदार, बॉब रश. शेवटी कॉलिंगवूड 100, जीलाँग 70. लागोपाठ चौथं विजेतेपद, आणि लागोपाठ चार अजून तरी दुसऱ्या कोणाला साधलेली नाहीत.

714 सामन्यांत कोचिंग केल्याचा त्याचा विक्रम 2015मध्ये मिक मॅल्टहाउसने मोडला. तो कोच कार्लटनचा होता, समोर कॉलिंगवूड होतं आणि कार्लटन सपाटून हरलं. मॅल्टहाउसचा पगार कोचिंगचाच होता, आणि महिनाभराच्या आत त्याला नारळ मिळाला. मॅकहेलला 38 हंगामांत कोणी काढलं नाही. तसंही काढून काय होणार होतं? शुक्रवारी सकाळी ब्रुअरीत हजेरी लावायचीच होती.