चाळिशी लागलेल्या डोळ्यांसाठी मोबाइल

आरोग्याची माहिती आता मोबाइलवर मिळते. पण ज्यांना ती जास्त लागते, त्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येते का? आज त्याविषयी बोलू.

वयवंदना कार्डाचंच घ्या. आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी हे कार्ड सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. घरात दोघं असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. नोंदणी मात्र संकेतस्थळावर किंवा आयुष्मान अ‍ॅपवर होते. पडदाच वाचता आला नाही, तर हक्काचा उपचार अडतो.

सिल्लोड, कन्नड, पैठणकडच्या बैठकांत आजीबाई म्हणतात, "आम्हा अडाण्यांना काय कळतं त्यातलं?" पण दोष त्यांचा नाही. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं. मोतीबिंदूत रंग फिके पडतात, मग पांढऱ्यावरची करडी अक्षरं दिसतच नाहीत. हात थरथरला की शेजारचं बटण दाबलं जातं. ओटीपी सापडेपर्यंत वेळ संपते.

म्हणून संकेतस्थळं बनवणाऱ्यांसाठी नियम आहेत. अक्षरं दुप्पट मोठी केली तरी मजकूर वाचता यावा, अक्षराचा आणि मागचा रंग यांत ठळक फरक असावा. भारत सरकारनेही सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

आपणही गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आरोग्य शिबिराचे निरोप टाकतो. तिथे हे पाळू:

एका निरोपात एकच गोष्ट. तारीख, जागा, सोबत काय आणायचं, हे आधी. 'उच्च रक्तदाब' लिहिलं तर शेजारी 'बीपी'ही लिहायचं. रंगीत चित्रावर बारीक अक्षरं नकोत. तोच निरोप आवाजातही पाठवायचा.

पाठवण्याआधी गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना दाखवा. समजावून सांगू नका, नुसतं बघा. त्या जिथे अडतील, तिथे निरोप बदला.

घरच्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये सेटिंगमधून अक्षरं मोठी करून द्या. जन्मभर कापूस वेचून, भांडी घासून बोटांचे ठसे उमटत नसतील, तर आयुष्मान अ‍ॅपवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. अडचण आली तर १४५५५ हा मोफत क्रमांक लावा. आणि फोन करून कुणी ओटीपी मागितला, तर सांगायचा नाही.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरात, शेजारी ७० वर्षांवरचं कोण आहे, त्यांची नावं आणावीत. कार्ड कुणाचं राहिलंय, ते तिथेच बघू.