बांध पोखरणारे प्राणी (भंडारा जिल्हा)

भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांचे धुरे आणि तलावांच्या मातीच्या पाळी यांमध्ये बिळे करणाऱ्या प्राण्यांना ढोबळमानाने बांध पोखरणारे प्राणी म्हणता येते. घुशी, शेतातील उंदीर आणि गोड्या पाण्यातील खेकडे हे त्यांतील प्रमुख होत. उत्तर अमेरिका व युरोपात बीव्हर हा कृंतक प्राणी ओढ्यावर काटक्या व चिखलाचा बांध घालतो आणि लगतची खासगी जमीन बुडवतो. भारतात बीव्हर नाही. येथे उपद्रवाची दिशा उलटी आहे : बांध माणूस घालतो आणि प्राणी तो फोडतो. पाणी नको त्या शेतात शिरते, हा परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच.

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील अनेक जुने तलाव कोहळी समाजातील जाणकारांनी बांधले. मालगुजारी पद्धतीत तलावांची व्यवस्था मालगुजारांकडे होती, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. हा भाग मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. पाळीवरचे बीळ दिसताच ते बुजवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून अवघड झाला. बीळ चार दिवसांत मोठे होते. कार्यालयीन मंजुरीला त्याहून अधिक काळ लागतो.

धानाची शेते उतारावर पायऱ्यांसारखी असतात. वरच्या बांधीचा धुरा रात्रीतून फुटला, तर तिचे साठलेले पाणी जाते आणि खालच्या शेतकऱ्याची नुकतीच रोवलेली रोपे व टाकलेले खत वाहून जाते. पावसाने ओढ दिली असेल तर वरच्याचे नुकसान अधिक, झड लागली असेल तर खालच्याचे. सामाईक धुऱ्यावरून होणाऱ्या भांडणांत पुष्कळदा खरा कर्ता उंदीर असतो, पण त्याला कोणी पंचांपुढे उभे करू शकत नाही.

प्राणी

लहान घूस (बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस) ही सर्वांत त्रासदायक. ती उत्तम पोहते, ओल्या शेतात सहज राहते आणि बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकते. बिळात ती धानाच्या लोंब्यांचा साठा करते. शेते पाण्याने भरली की कोरडी जागा धुऱ्यावरच उरते. त्यामुळे ऐन पावसाळ्यात आजूबाजूचे सारे उंदीर तेथे एकवटतात. रुंद आणि उंच धुरा मजबूत वाटतो, परंतु घुशीला घर करण्यास तोच सोयीचा. धुरे अरुंद व बुटके ठेवावेत असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो, तो यामुळेच.

खेकड्याची रीत वेगळी. उन्हाळ्यात ओल खाली जाते तसा तो बीळ खोल करीत जातो. पावसाळ्यात तलाव भरला की तेच बीळ पाण्याला तयार वाट ठरते.

बांध कसा फुटतो

पाळीतून थोडे पाणी झिरपणे स्वाभाविक आहे. बिळामुळे मात्र झिरपण्याचा मार्ग आखूड होतो, पाण्याचा वेग वाढतो आणि ते मातीचे कण सोबत नेऊ लागते. आतून नळीसारखी पोकळी तयार होते व वरची माती खचते. पाळीच्या बाहेरच्या अंगाला निघणारे पाणी स्वच्छ असेल तर धोका तुलनेने कमी. गढूळ असेल तर पाळ आतून वाहून जात आहे असे समजावे. गावात लहानमोठ्या सर्वांना ठाऊक असावी अशी ही खूण आहे. अशा वेळी बाहेरचे तोंड चिकणमातीने बंद करणे घातक ठरते, कारण अडलेले पाणी दुसरीकडून फुटते. बाहेरच्या बाजूस आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघते पण माती अडते. आतील तोंड सापडल्यास तेथे चिकणमातीची पोती टाकावीत. तलावाचे पाणी सांडव्याने किंवा तुडुमाने उतरवता आले तर उत्तम.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून मोठी जीवितहानी झाली, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी गळतीचे कारण म्हणून खेकड्यांकडे बोट दाखवले होते. त्यावर राज्यभर टीका व थट्टा झाली. खेकडा मातीचा बांध पोखरतो हे खोटे नव्हे. परंतु गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, आणि तक्रारीनंतरही न बुजलेले बीळ खेकड्याच्या खाती घालता येत नाही.

उपाय

कोणती बिळे वापरात आहेत हे ओळखण्यासाठी सायंकाळी सर्व तोंडे चिखलाने लिंपतात. सकाळी जी उघडलेली दिसतात ती जिवंत. झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवण्यापूर्वी एकदोन दिवस बिनविषारी आमिष देतात, अन्यथा उंदीर संशयाने दूर राहतात. एकदा वाचलेले उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाहीत. मग ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वापरतात. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, म्हणून ते हाताळताना फार सावधगिरी लागते. एकट्या शेतकऱ्याने केलेली मोहीम व्यर्थ जाते, कारण रिकामी बिळे शेजारचे उंदीर भरून काढतात. पावसाळ्यापूर्वी साऱ्या शिवाराने एकाच वेळी केलेले काम टिकते. गव्हाणी घुबड आणि धामण हे बिनखर्चाचे सहकारी होत. खेकड्यांसाठी पाण्यात कीटकनाशक ओतणे वर्ज्य मानावे. त्याने तलावातील मासे मरतात आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांचे उत्पन्न बुडते. खेकडे हाताने धरणे अधिक बरे, ते खाल्लेही जातात.

बीळ बुजवताना केवळ तोंडात माती कोंबली तर आतील पोकळी तशीच राहते. ते शेवटपर्यंत खणून ओलसर चिकणमाती थराथराने ठोकून भरावी लागते. पाळीवरील बेशरम व इतर झुडपे उन्हाळ्यातच काढावीत, म्हणजे बिळे दिसतात.

कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत उंदरांची गणना उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. प्रत्येक बिळात उंदीरच असतो असेही नाही. पाळीतील बिळात घोरपड राहत असू शकते व तिला कायद्याचे कडक संरक्षण आहे. म्हणून रहिवासी कोण, हे पाहिल्याशिवाय धूर किंवा विष सोडू नये.

इतर देशांत

नेदरलँड्समध्ये मस्करॅट हा प्राणी कालव्यांचे बांध पोखरतो. तेथील जलमंडळे त्याला पकडण्यासाठी पगारी माणसे नेमतात. इटलीत सेकिया नदीचा बांध १९ जानेवारी २०१४ रोजी मोदेनाजवळ फुटला, तेव्हा संशोधकांनी वन्य प्राण्यांच्या बिळांकडे कारण म्हणून लक्ष वेधले होते.