रायपूरच्या ‘नुक्कड’मध्ये चहा कसा सांगतात

प्रियांक पटेल यांनी २०१३ साली रायपूरमध्ये ‘नुक्कड’ हा चहाचा कॅफे सुरू केला आणि टेबलांवर सेवा द्यायला कर्णबधिर तरुणांना नेमलं. पुढे तृतीयपंथी सहकारीही तिथे आले.

तिथे हाक मारून उपयोग नसतो. नजरानजर होईपर्यंत थांबायचं, मग कागदावर लिहून किंवा खुणेने चहा सांगायचा. एरवी ऐकू न येणाऱ्यानेच ओठ वाचायचे, अंदाज बांधायचा आणि तो चुकला की ओशाळायचं. इथे जुळवून घेण्याचं निम्मं काम ऐकू येणाऱ्याकडे येतं. या कॅफेतली ही अदलाबदल मला सगळ्यात मोलाची वाटते.

असं जुळवून घेणं कार्यालयातही लागतं, आणि त्यासाठी भावनिक बुद्धिमत्ता हवी. ही कल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती कार्यालयांत पोचवली. तिची एक पायरी म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखणं. कर्णबधिर माणसाशी बोलताना ही पायरी गाळताच येत नाही, कारण भारतीय सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचाच भाग आहे. हाताची खूण तीच राहते, पण विधान आहे की प्रश्न, हे भुवया आणि मानेच्या हालचालीवरून कळतं. संगणकाकडे बघत ‘हं, सांग’ म्हणणाऱ्या साहेबाच्या हातून म्हणूनच निम्मं वाक्य निसटतं.

दुसरी पायरी स्वतःकडे बघण्याची, आणि ती अवघड आहे. कर्णबधिर सहकाऱ्याने उत्तर दिलं नाही की आधी राग येतो: मुद्दाम दुर्लक्ष करतोय! तेवढ्यात स्वतःला विचारायचं, मी त्याच्या नजरेत तरी होतो का? राग आवरला म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. त्याची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा. बैठकीचे विषय आदल्या दिवशी लिहून द्या. बैठकीत एका वेळी एकानेच बोलावं, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा. खिडकीला पाठ करून बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. दुभाषी असला तरी बोलताना सहकाऱ्याकडेच बघा. आणि त्याला काय सोयीचं पडतं, हे त्यालाच विचारा. अनेक कर्णबधिरांसाठी लिखित हिंदी ही दुसरी भाषा असते. लांबलचक चिठ्ठी त्यांना सोयीची होईलच असं नाही.

तृतीयपंथी सहकाऱ्यांबाबतही हेच. छत्तीसगड पोलिसांत २०२१ साली १३ तृतीयपंथी उमेदवारांची शिपाई म्हणून निवड झाली, त्यांतले बरेचसे रायपूरचे. निवड एकदा होते. हजेरीला कोणत्या नावाने पुकारायचं, कपडे कुठे बदलायचे, हे प्रश्न रोजचे असतात. तेही त्या व्यक्तीला विचारूनच सोडवायला हवेत. अंदाज कितीही सद्भावनेने बांधला, तरी तो आपलाच असतो.

सगळं एखाद्या समजूतदार साहेबावर सोडलं, तर त्याची बदली झाली की घडी मोडते. म्हणून ते कागदावर हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करावं लागतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर त्या धोरणात दिव्यांगांना मिळणाऱ्या सोयी लिहायच्या असतात आणि हे काम बघणारा संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. आपल्या कार्यालयात तो कोण आहे, हे आस्थापना विभागात विचारता येतं.