वाड्यातले अस्सल काय?

जुन्नर म्हटले की सर्वांचे लक्ष शिवनेरीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण खालच्या पेठेतून किंवा घोडेगाव, मंचरच्या जुन्या आळ्यांतून जाताना एखादा दगडी जोत्याचा वाडा लागतो, त्याच्याकडे आपण क्वचितच मान वर करून पाहतो. महाराष्ट्रात असे काही वाडे दुरुस्त होत आहेत, पुष्कळ पाडले जात आहेत. दुरुस्त झालेल्या वाड्यात मुळातले किती उरले हे कसे ओळखावे, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

वाड्याचा खरा सांगाडा लाकडाचा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. तळखडा केवळ शोभेचा नसतो. जमिनीची ओल आणि वाळवी लाकडाला लागू नये म्हणून तो असतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घराचे मोठेपण खणांवर मोजत. जुन्या खांबावरून हात फिरवला तर वाकसाचे उथळ घाव बोटांना लागतात. यंत्रावर कापलेला नवा खांब गुळगुळीत असतो. जुन्या खिळ्यांची डोकीही एकासारखी एक नसतात, कारण ती लोहाराच्या हातची.

सर्वांत जास्त नुकसान होते ते चुन्याचे. जुना चुना घाणीत दिवसच्या दिवस मळत, आणि त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालीत. हिरडा म्हणजे आपल्याच पश्चिम पट्ट्यातले झाड. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातले आदिवासी बांधव आजही तो गोळा करून विकतात. चुना सावकाश घट्ट होतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो. भिंतीत शिरलेली पावसाळ्यातली ओल त्यातून बाहेर पडते. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत पुरलेले लाकूड कुजू लागते. मालकाला मात्र वाटते, आपण घर पक्के केले!

अस्सल म्हणजे पहिल्या दिवसाचे, असे तरी कसे म्हणावे? पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. तो १८०८ च्या सुमारास पूर्ण झाला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८७९ च्या आगीत वाड्याची पूर्वेकडची बाजू जळाली आणि ती लोकवर्गणी व नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभारण्यात आली. म्हणजे रस्त्यावरून आपण जे कौतुकाने पाहतो त्यातले काही पेशव्यांचे नसून पुणेकरांच्या वर्गणीचे आहे. माझ्या मते त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. नवे काय ते लपवले नाही म्हणजे झाले.

कोणी म्हणेल, वाडे पाटील-सावकारांचे, त्यांच्याशी आपला काय संबंध? आमचे घर दोन खणांचे. माझे आजोबा अशा वाड्यात गेले ते देवडीपर्यंतच. पण तो चुना मळणारे, खांब तासणारे, दगड घडवणारे हात आमच्यासारख्यांच्याच घरचे होते. त्यांची नावे कोठल्याच दरवाजावर कोरलेली नाहीत, त्यांचे घाव तेवढे लाकडावर आहेत. तेच दरवाजे आता उपसून शहरातल्या हॉटेलांत लावतात, तेव्हा मला मालकापेक्षा त्या सुताराचे वाईट वाटते.

ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तिथल्या घरांचे खण आता कोण मोजणार? जी घरे उभी आहेत त्यांच्यापुरते काही करता येईल. इतिहास मंडळाच्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत आपापल्या गावचा एक जुना वाडा मालकाच्या परवानगीने मोजावा, खांब-दरवाजांची चित्रे काढावीत, गावातल्या वृद्ध गवंड्या-सुतारांना त्यांचे शब्द विचारावेत आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. त्याला मोजपट्टी, पेन्सिल आणि दोन दिवस पुरतात.