'तोच' आणि 'तसाच' : संगणकभाषांतील समतेचा विचार

'दोघा भावांनी तेच पुस्तक विकत घेतले' हे वाक्य मराठीत सहज उच्चारले जाते. प्रती दोन, खरेदी दोन, तरी पुस्तक 'तेच'. उलट 'चोरीस गेलेले घड्याळ ते हेच' या वाक्यात त्याच बनावटीचे दुसरे घड्याळ चालावयाचे नाही. एकाच 'च'काराने दोन भिन्न संबंध व्यक्त होतात आणि कोणता अभिप्रेत आहे याचा निर्णय प्रसंगावर सोपविला जातो. ऐकणारा मनुष्य असल्यामुळे हे निभावते. संगणकास प्रसंग कळत नाही. त्याच्यासाठी रचलेल्या भाषेत हा निर्णय चिन्हानेच व्हावा लागतो.

समतेचे '=' हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली योजिले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांहून अधिक समान असे काय असणार, हा त्याचा युक्तिवाद. बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ मध्ये, फोर्ट्रान भाषेने हेच चिन्ह 'उजवीकडील मूल्य डावीकडील नावाखाली साठवा' या आज्ञेसाठी घेतले. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर स्वार्थाचे रूप आज्ञार्थी वापरले गेले. अल्गोलच्या कर्त्यांनी आज्ञेसाठी ':=' हे वेगळे चिन्ह देऊन '=' विधानासाठी राखले, आणि तोच मार्ग अधिक शास्त्रशुद्ध होता. पण १९७० नंतरच्या 'सी' भाषेने आज्ञेस '=' व विधानास '==' दिले; पुढील बहुसंख्य भाषांनी तिचेच अनुकरण केले.

१९९५ मध्ये पुढे आलेल्या पीएचपी व जावास्क्रिप्ट या दोन भाषांत '==' चा अर्थ सैल झाला. त्यास कारणही होते. संकेतस्थळावरील रकान्यात वाचकाने लिहिलेला '५' हा यंत्राच्या दृष्टीने अंक नसून अक्षर असतो. तो अंकाशी ताडून पाहताना प्रत्येक वेळी रूपांतर करावयास लावणे जाचक, म्हणून ते भाषेनेच परस्पर करावे असे ठरले. ही सोय महागात पडली. जावास्क्रिप्टमध्ये अक्षररूप '०' हे अंक ० शी समान ठरते, अंक ० हा रिक्त अक्षरमालेशी समान ठरतो. मात्र अक्षररूप '०' आणि रिक्त अक्षरमाला परस्परांशी समान नाहीत. क बरोबर ख, ख बरोबर ग, तर क बरोबर ग, हा समतेचा प्राथमिक धर्मच येथे सुटतो. तसा धर्म नसलेल्या संबंधास समता का म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

सत्यासत्याच्या बाबतीतही हेच घडले. जॉर्ज बूल याने १८४७ व १८५४ च्या ग्रंथांत तर्काचे जे बीजगणित मांडले, त्यात कोणत्याही पदाचा वर्ग त्या पदाएवढाच असतो. संख्यांपैकी हा नियम ० आणि १ या दोनच पाळतात. या दोन भाषांत मात्र कोणतेही मूल्य सत्य वा असत्य म्हणून उभे राहू शकते. पीएचपीतील 'स्ट्रपॉस' ही सोय मजकुरात एखादा शब्द कोठे आला ते सांगते. मोजणी शून्यापासून होते. शब्द नसल्यास उत्तर 'असत्य' असे मिळते. शब्द अगदी आरंभीच असला तर उत्तर ०, आणि सैल तुलनेत ० म्हणजे असत्य. 'कोठे?' या प्रश्नाचे उत्तर 'आहे काय?' या प्रश्नाचे समजले जाते व असलेला शब्द नाही असे ठरते.

याहून गंभीर प्रकार परवलीच्या शब्दांचा. एमडी५ या पद्धतीने '२४०६१०७०८' आणि 'क्यूएनकेसीडीझेडओ' ही रोमन अक्षरमाला यांची जी सांकेतिक रूपे निघतात, त्या दोहोंचा आरंभ शून्य व 'ई' या अक्षराने होतो आणि पुढे केवळ अंक येतात. रूपे सर्वस्वी भिन्न आहेत. पण पीएचपीचा '==' त्यांना 'शून्य गुणिले दहाचा अमुक घात' असे वाचतो; दोन्ही शून्य, म्हणून समान. एकाच्या शब्दाने दुसऱ्याचे दार उघडते. २०२० च्या आठव्या आवृत्तीत अंक आणि अंकेतर अक्षरमाला यांच्या तुलनेचे नियम सुधारले गेले. ही फट मात्र राहिली, कारण येथे दोन्ही बाजू अंकासारख्याच दिसतात.

यावर उपाय म्हणजे '===' ही कठोर तुलना. जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथात ती १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. ती प्रथम प्रकार पाहते. प्रकार भिन्न तर उत्तर तेथेच 'नाही'. वरील सर्व घोटाळे तिने टळतात. तथापि तिचा अर्थ एकच आहे असे मानणे चुकीचे होईल. अंक व अक्षरमाला यांच्या बाबतीत ती 'तसाच' एवढेच विचारते, तर दोन याद्यांच्या बाबतीत जावास्क्रिप्टमध्ये ती 'तीच' असे विचारते. एकसारख्या मजकुराच्या दोन स्वतंत्र याद्या तिला भिन्न वाटतात. शिवाय अशक्य गणितातून निष्पन्न होणारे 'अंक-नव्हे' हे मूल्य स्वतःशीही समान ठरत नाही. १९८५ च्या अंकगणितीय प्रमाणकाचाच तो नियम आहे. 'तेच पुस्तक' आणि 'तेच घड्याळ' यांतील द्व्यर्थ कठोर चिन्हातही शिल्लक आहे. कॉमन लिस्प या भाषेने तो नावांनीच सोडविला: तिच्यात समतेच्या 'ईक्यू', 'ईक्यूएल', 'ईक्वल' व 'ईक्वलपी' अशा चार पायऱ्या आहेत, आणि कोणती घ्यावयाची ते लिहिणाऱ्याने दर वेळी सांगावयाचे असते.