पंगतीतून आधी उठणारं माणूस

पंगतीला सगळ्यांनी बरोबर बसायचं आणि बरोबर उठायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. देगलूरच्या आसपासच्या खेड्यांत लग्नात, सप्त्यात तो अजून पाळला जातो. दाढा गेलेल्या माणसाची त्यात फार ओढाताण होते. शेजारचे भातावर येतात तेव्हा याची पहिली पुरी तोंडात घोळतच असते. मग ताट अर्धं टाकून तो उठतो, आणि पुढच्या लग्नाच्या वेळी ‘तुम्ही जाऊन या, मला बरं वाटंना’ म्हणून घरीच राहतो. घरचे म्हणतात, वय झालं. माझं म्हणणं असं, की ज्याला आपण वय म्हणतो त्यात दातांचा वाटा मोठा असतो. वयावर इलाज नाही, दातांवर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातल्या साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे 23 टक्क्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. याच संघटनेने 2025 मध्ये सांगितलं, की जगात दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे. या दोन आकड्यांमधली वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. चीनमध्ये पासष्टीपुढच्या चार हजारांहून अधिक लोकांची काही वर्षं पाहणी झाली. ज्यांचा लोकांशी संबंध तुटला होता त्यांचे दात इतरांपेक्षा सरासरी दोनने कमी होते, आणि उरलेले पडण्याचा वेगही जास्त होता. नुसतं मनाला एकटं वाटण्याशी मात्र दातांचा तसा संबंध आढळला नाही. हे मला फार बोलकं वाटतं. दात राखायला चार माणसांचा राबता लागतो: गाल सुजलाय हे पाहणारं कुणी, दवाखान्यात बरोबर येणारं कुणी, सकाळी तोंड धुऊन ज्याच्यासमोर बसायचं असं कुणी. जपानमधल्या वृद्धांच्या पाहणीत उलटी दिशाही दिसली. दात कमी तसा माणसांत वावर कमी होत गेला.

खाण्याइतकंच बोलण्याचंही आहे. त, थ, द, ध, न यांना आपण दंत्य म्हणतो ते उगाच नाही. मराठीतला ‘चुलता’मधला च आणि ‘जावई’मधला ज हेही दातांच्या आधारानेच उमटतात, आणि ‘सासू’तला स दातांच्या फटीतून येतो. म्हणजे दात गेले की नात्यांची नावंच आधी बोबडी होतात. समोरासमोर ओठ, डोळे, हात मदतीला येतात. फोनवर नुसता आवाज असतो. मुलगा हैदराबादला किंवा पुण्याला, आणि इकडून बोललेलं त्याला कळेना. दोनदा ‘काय म्हणलात?’ झालं की आई ‘बरं, ठेव मग’ म्हणते. बाई असेल तर पदर तोंडावर जातो आणि हसणंही पदराआड होतं.

दात घालवणारी गोष्टच आपल्याकडे माणसं जोडते, हे मात्र अवघड आहे. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. पारावर चंची पुढे केली की बोलणं सुरू होतं, आणि बायकांची मिश्री शेजारणीच्या ओट्यावर लागते. ‘तंबाखू सोडा’ हे सांगणं बरोबरच आहे, पण सोडणाऱ्याने उद्यापासून पारावर कशासाठी बसायचं, हेही सांगावं लागेल. नाहीतर हिरड्या वाचतील आणि माणूस एकटा पडेल.

यावर कुणी म्हणेल, बोळकी तोंडं पूर्वीही होती, तेव्हा कुठे कोण एकटं होतं? खरं आहे. पण तेव्हा भाकरी दुधात कुस्करून देणारं, पान खलबत्त्यात कुटून देणारं माणूस घरात होतं. आता म्हातारा-म्हातारीच घरात असतात, आणि कडक भाकरी चहात बुडवून जेवण उरकतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गरिबीने दातही जातात आणि माणसंही दुरावतात, मग दोष दातांचा कसा? गरिबीचा वाटा मी नाकारत नाही, आणि कवळी बसवल्याने परगावी गेलेला मुलगा परत येत नाही हेही कबूल. पण गरिबी हटायला पिढ्या लागतात, कवळी काही भेटींत तयार होते. पंगतीला बसता येणं, नातवाला नीट हाक मारता येणं, एवढं तिने नक्की साधतं.

अडचण ती मिळण्याची आहे. मराठवाड्यातलं शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. देगलूरहून नांदेडच ऐंशीएक किलोमीटर, संभाजीनगर त्याच्याही कितीतरी पुढे. कवळीला माप, चाचणी, बसवणं, मग टोचते म्हणून घासून घेणं अशा अनेक खेपा लागतात, आणि दरवेळी म्हाताऱ्या माणसाबरोबर कुणीतरी मजुरी बुडवून जायला हवं. केंद्र सरकारच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही मोफत देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांपुढच्या गरजूंना एकदा 3,000 रुपये मिळतात. तिच्या साहित्याच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, काठी आहे, कमरेचा पट्टाही आहे. कवळीचं नाव त्यात नाही. ते घालावं.