चेंडू दुसऱ्याच्या हाती : डॉन स्टेली यांची कारकीर्द

बास्केटबॉलच्या संघाचे एका वेळी पाच खेळाडू कोर्टवर असतात आणि त्यांच्या कामाची ढोबळ विभागणी उंचीनुसार होते. सर्वांत उंच खेळाडू, म्हणजे सेंटर, बास्केटजवळ ठाण मांडून हुकलेले शॉट ताब्यात घेतो, दोन फॉरवर्ड बाजूंनी आत-बाहेर करतात, आणि उरलेले दोन, जे बहुधा संघात सर्वांत बुटके असतात, ते बास्केटपासून दूर राहून चेंडू पुढे आणतात. हे दोघे म्हणजे गार्ड. त्यांपैकी पॉइंट गार्डवर आणखी एक जबाबदारी असते : टप्पे देत चेंडू आणताना कोणती चाल खेळायची हे हाताच्या खुणेने सांगणे, आणि चालीत मोकळा झालेला सहकारी दिसताच त्याला पास देणे. ज्या पासावर लगेच बास्केट होते त्याला असिस्ट म्हणतात आणि गुणांइतकीच त्याचीही नोंद ठेवली जाते. गार्डनी पुढे प्रशिक्षक होण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठाचे गार्ड जॉन वूडन यांनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, तर लष्करी अकादमीच्या संघात गार्ड असलेल्या माइक शशेव्स्की यांनी ड्यूक विद्यापीठाला पाच. गार्डला सारे कोर्ट दिसते म्हणून तो चांगला प्रशिक्षक होतो, असे याचे कारण नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण सारे कोर्ट दिसणाऱ्या गार्डला आपल्या एकट्याच्या कौशल्याची मर्यादाही इतरांआधी दिसते. डॉन स्टेली यांच्या कारकिर्दीत ही दुसरी बाजू विशेष ठळकपणे आढळते.

स्टेली यांचा जन्म ४ मे १९७० रोजी फिलाडेल्फियात झाला. पाच भावंडांत त्या धाकट्या. त्यांची आई मूळची दक्षिण कॅरोलायना राज्यातली, म्हणजे विसाव्या शतकात दक्षिणेकडून उत्तरेच्या औद्योगिक शहरांत आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी एक. उत्तर फिलाडेल्फियातील रेमंड रोझन या सरकारी गृहवसाहतीत स्टेली वाढल्या आणि तिथल्या उघड्या कोर्टवर मुलांबरोबर खेळून तयार झाल्या. पाच फूट सहा इंच उंचीच्या मुलीला अशा खेळात चेंडू हातात टिकवायचा तर टप्पा खाली, वेग जास्त आणि नजर वर ठेवावी लागते. डॉबिन्स टेक्निकल या शाळेतून १९८८ साली त्या व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाल्या.

इथे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण भारतातील आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून त्याची कल्पना येत नाही. तिथे विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन घेतात, प्रशिक्षकांना लाखो डॉलर वेतन देतात आणि हजारो प्रेक्षक तिकीट काढून सामने पाहतात. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, एनसीएए ही राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना बाद पद्धतीची स्पर्धा भरवते आणि तिच्या शेवटच्या चार संघांच्या टप्प्याला ‘फायनल फोर’ म्हणतात. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ साली झाला, तरी एनसीएएने महिलांची स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये. स्टेली आल्या तेव्हा ही स्पर्धा जेमतेम सहा-सात वर्षांची होती.

प्रशिक्षक डेबी रायन यांच्या हाताखाली स्टेली चार वर्षे खेळल्या आणि १९९०, १९९१ व १९९२ अशा सलग तीन वर्षी व्हर्जिनियाचा संघ फायनल फोरमध्ये पोहोचला. विजेतेपद मात्र एकदाही मिळाले नाही. १९९० आणि १९९२ मध्ये स्टॅनफर्डने उपांत्य फेरीत हरवले, दुसऱ्या वेळी अवघ्या एका गुणाने, ६६-६५ असे. या दोहोंमधल्या वर्षी अंतिम सामना टेनेसीशी झाला. निर्धारित वेळेत बरोबरी झाल्यामुळे जादा वेळ खेळवावा लागला आणि टेनेसीने तो ७०-६७ असा जिंकला. स्टेली यांनी त्यात २८ गुण केले, आणि फायनल फोरमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान हरलेल्या संघातील या गार्डला देण्यात आला, ही फार क्वचित घडणारी गोष्ट. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठी असलेले नेस्मिथ पारितोषिकही त्यांना १९९१ आणि १९९२ अशा दोन्ही वर्षी मिळाले. चार वर्षांत त्यांच्या नावावर २,१३५ गुण, ७२९ असिस्ट आणि ४५४ स्टील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू, जमा झाले. स्टीलचा आकडा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. संघात हेदर आणि हायडी बर्ज या सहा फूट पाच इंच उंचीच्या जुळ्या बहिणीही होत्या, त्यामुळे उंच सहकाऱ्यापर्यंत चेंडू पोहोचवण्याचे मोल त्यांना विद्यार्थिदशेतच कळले असणार.

१९९२ च्या ऑलिम्पिक संघात त्यांची निवड झाली नाही. अमेरिकेत तेव्हा महिलांची व्यावसायिक लीगही नव्हती, त्यामुळे पदवी घेतल्यावर देशातल्या सर्वोत्तम गार्डला फ्रान्स, इटली, स्पेन, ब्राझील अशा परक्या लीगांत खेळून चरितार्थ चालवावा लागला. १९९५-९६ मध्ये राष्ट्रीय संघ वर्षभर एकत्र ठेवण्यात आला. त्याच्या प्रशिक्षक टॅरा व्हॅनडरव्हीर होत्या, ज्यांच्या स्टॅनफर्डने स्टेली यांना दोनदा रोखले होते. त्या संघाने सरावदौऱ्यातील ५२ आणि अटलांटा ऑलिम्पिकमधील आठ असे साठच्या साठ सामने जिंकले. स्टेली यांनी पुढे सिडनी आणि अथेन्स येथेही सुवर्णपदक मिळवले, आणि २००४ च्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज त्यांच्या हाती होता. व्यावसायिक खेळात आधी अल्पजीवी एबीएल लीग आणि १९९९ पासून डब्ल्यूएनबीए या लीगमधील शार्लट स्टिंग हा संघ असा त्यांचा प्रवास झाला. पहिल्या अकरापैकी दहा सामने गमावूनही २००१ साली शार्लटने अंतिम फेरी गाठली, पण जेतेपद तिथेही हुकले.

स्टेली यांच्याबाबतीत ‘खेळाडूची प्रशिक्षक झाली’ असे सरळ म्हणता येत नाही, कारण सहा वर्षे त्या एकाच वेळी दोन्ही होत्या. २००० साली त्यांच्याच शहरातील टेंपल विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले. त्यांना प्रशिक्षणाचा अनुभव नव्हता, प्रशिक्षक होण्याची इच्छाही नव्हती. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात आणि महाविद्यालयांचा हिवाळ्यात असल्याने वर्षाचे दोन भाग पाडणे शक्य झाले, आणि २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या उन्हाळ्यात दुसऱ्या प्रशिक्षकाच्या सूचना पाळणाऱ्या गार्ड आणि हिवाळ्यात सूचना देणाऱ्या प्रशिक्षक राहिल्या. या दुहेरी जीवनाचा लाभ त्यांच्या महाविद्यालयीन संघाला झाला : आठ हंगामांत टेंपलने १७२ सामने जिंकले, ८० गमावले, आणि सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. तरीही प्रशिक्षक म्हणून त्यांची खरी परीक्षा नंतरची.

२००८ साली त्या आईच्या मूळ राज्यात, कोलंबिया येथील दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात आल्या. ज्या विभागीय गटात टेनेसीसारखे संघ होते त्यात हा संघ तळाशी होता, आणि पहिल्या हंगामात त्यांना दहा विजय व अठरा पराभव पाहावे लागले. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे निम्मे काम शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन, पालकांशी बोलून त्यांना आपल्या विद्यापीठात येण्यास राजी करण्याचे असते. त्याला रिक्रूटिंग म्हणतात. या कामाला फळ आले ते २०१४ साली, जेव्हा कोलंबियाजवळच वाढलेली सहा फूट पाच इंचांची फॉरवर्ड एजा विल्सन हिने देशभरातून आमंत्रणे असताना घरचे विद्यापीठ निवडले. २०१७ च्या राष्ट्रीय स्पर्धेआधी सेंटर अलेना कोट्स जखमी झाल्याने स्टेली यांना ऐन वेळी बुटक्या, वेगवान खेळाडूंची रचना करावी लागली, आणि त्याच रचनेने मिसिसिपी स्टेटला ६७-५५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवून दिले. त्यामुळे केवळ उंचीवर भर हे त्यांचे सूत्र होते असे कोणी म्हणू नये. पण २०२२ च्या अंतिम सामन्यात अलिया बॉस्टन हिच्यासह त्यांच्या संघाने कनेक्टिकटला ६४-४९ असे नमवताना ४९ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू, घेतले आणि प्रतिस्पर्ध्यांना २४ च घेऊ दिले, हे पाहता बास्केटखालची जागा ताब्यात ठेवण्यावर त्यांचा भर किती होता हे उघड होते.

त्यांच्या पद्धतीची सर्वांत बोलकी कहाणी मात्र एका पराभवापासून सुरू होते. २०२३ मध्ये ३६ सामने सलग जिंकलेला त्यांचा संघ उपांत्य फेरीत आयोवाकडून ७७-७३ असा हरला. आयोवाची गार्ड केटलिन क्लार्क हिने त्या सामन्यात ४१ गुण केले, आणि त्याहून बोचरे म्हणजे स्टेली यांची गार्ड रेव्हन जॉन्सन तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी असताना, ही काही शॉट घालणार नाही अशा अर्थाने हात झटकून क्लार्कने तिला मोकळे सोडले. त्यानंतर पाचही प्रमुख खेळाडू विद्यापीठातून बाहेर पडल्या. पुढच्या हंगामात स्टेली यांच्या नव्या संघाने ३८ पैकी ३८ सामने जिंकले. ७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलंड येथे अंतिम सामन्यात पुन्हा आयोवाच समोर आले. क्लार्कने पहिल्याच सत्रात १८ गुण केले, पण जॉन्सनने तिचा पाठलाग सोडला नाही आणि उरलेल्या तीन सत्रांत तिला १२ च गुण मिळाले. सेंटर कॅमिला कार्डोसोने १५ गुण व १७ रिबाउंड घेतले आणि दक्षिण कॅरोलायना ८७-७५ असे जिंकले. या सामन्यातील लक्षात ठेवण्याजोगा आकडा वेगळाच आहे : राखीव खेळाडूंनी केलेले गुण दक्षिण कॅरोलायनाचे ३७, आयोवाचे शून्य. आयोवाकडे त्या पिढीतील सर्वांत नामांकित गार्ड होती, आणि एकट्या गार्डवर संघाचा भार पडला की तो कुठवर जातो हे १९९१ च्या त्या २८ गुणांनंतर स्टेली यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकेत हा सामना १ कोटी ८५ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला सुमारे १ कोटी ४८ लाख प्रेक्षक लाभले.

दरम्यान टोकियो येथे, साथीमुळे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिम्पिकमध्ये, मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिले. नेस्मिथ पारितोषिक खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी मिळवणाऱ्या त्या पहिल्या ठरल्या. विजेत्या संघाने बास्केटची जाळी कापून घेण्याची अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेत प्रथा आहे. १९९९ मध्ये विजेतेपद जिंकलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक कॅरोलिन पेक यांनी आपल्या जाळीचा तुकडा स्टेली यांना दिला होता, आणि २०१७ नंतर स्टेली यांनी आपल्या जाळीचे तुकडे देशभरातील कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना पाठवले. वेतनाच्या बाबतीत त्या इतक्या उदार नाहीत, आणि ते योग्यच म्हणावे लागेल : पुरुष प्रशिक्षकांच्या तोडीचे मानधन मागून २०२१ मध्ये त्यांनी सात वर्षांचा २ कोटी २४ लाख डॉलरचा करार मिळवला, आणि २०२५ च्या सुरुवातीस तो वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरपर्यंत वाढवून घेतला.

त्याच वर्षी एनबीएतील न्यूयॉर्क निक्स या पुरुषांच्या संघाने मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्यांची मुलाखत घेतली. एनबीएमध्ये तोवर एकाही स्त्रीला हे पद मिळालेले नव्हते. स्टेली यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की मुलाखतीत त्यांनीच व्यवस्थापनाला विचारले होते : पहिली महिला प्रशिक्षक नेमल्यावर, विशेषतः संघ ओळीने सामने हरू लागल्यावर, पुरुष प्रशिक्षकाच्या वेळी कधी येत नाहीत असे प्रश्न तुम्हाला रोज विचारले जातील, त्याची तयारी आहे का? निक्सने माइक ब्राऊन यांची निवड केली.